आठला एक गोळी

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. घरात फोन असताना पत्र का, हे विचारणं मी आता सोडून दिलंय. ‘फोनवर तू नुसता बोलतोस, पत्र तुला गप्प बसून वाचावं तरी लागतं’ हे तुझं उत्तर मला पाठ आहे.

भावोजींच्या बोटांचं वाचून वाईट वाटलं. घड्याळजी माणूस, आणि चिमटाच धरता येईना म्हणजे दुकान उघडून करायचं काय? पण शेजारीपाजारी सांगतील ती मलमं चोळत बसू नका. तुमच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सांध्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे जा आणि तिथले डॉक्टर सांगतील ते निमूट ऐका. ‘निमूट’ हा शब्द तुझ्यासाठी आहे.

आरोग्य खात्याच्या प्रसिद्धी विभागात माझे केस पांढरे झाले, म्हणून सांगतो, या देशात आजाराने माणसं कमी मरतात, अडाणीपणाने जास्त. परवाच एक प्रकरण आलं. एका बाईला श्वासाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, छोट्या पंपात घालून ओढायच्या. बाईंनी त्या महिनाभर पाण्याबरोबर गिळल्या, आणि वर तक्रार, की दम कमी होत नाही! एका गृहस्थांना सांगितलं, गोळी उपाशीपोटी घ्या. ते गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिले आणि बस थांब्यावर चक्कर येऊन पडले. अशा लोकांसाठी मी रात्रंदिवस पत्रकं लिहायची, आणि त्यांनी ती कपाटात डब्यांखाली अंथरायची.

आता मात्र त्यांना निमित्त उरणार नाही. औषधांची नवी पाकिटं आम्ही छापली आहेत. कल्पना माझी, शब्द माझे. गिचमिड अक्षर नाही, परकी भाषा नाही. रोजच्या औषधाला ‘दि.ला’, आठवड्याच्या औषधाला ‘आठ.ला’, महिन्याच्या औषधाला ‘म.ला’. पुढे गोळ्यांचा आकडा. बस. छापील, सुबक, आपल्या भाषेत. मंत्र्यांनी स्वतः कौतुक केलं. आता ज्याला हे कळणार नाही, त्याला देवसुद्धा समजावू शकणार नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ


१४ मार्च

शहाण्या,

लहानपणी तुला या नावाने चिडवायचो. तुला तेव्हापासून ते कौतुकच वाटत आलंय.

गेलो बाबा तुझ्या हॉस्पिटलात. अर्धा दिवस बाकावर बसून काढला. आत गेलो तर डॉक्टर कॉम्प्युटरशी बोलत होते. ह्यांची बोटं त्यांनी एकदाच दाबली, आणि तीही आपण बाजारात टोमॅटो दाबतो तशी. मग म्हणाले, “सांध्यांची सूज आहे, गोळी सुरू करतो, हळूहळू गुण येईल, महिन्याने रक्त तपासू. कळलं?”

ह्यांनी मान हलवली.

“कशी घ्यायची?” मी विचारलं.

“पाकिटावर लिहिलेलं असतं. पुढचे.”

पुढचे म्हणजे पुढचा पेशंट. तो आमच्या मांडीवरच येऊन बसायचा बाकी होता.

बाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, काय कळलं तुम्हाला? हे म्हणतात, काही नाही. मग मान कशाला हलवलीत? तर म्हणे, ते एवढे घाईत होते, बरं नाही दिसत. शाळेत एवढी वर्षं भूगोल शिकवला मी, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. चुकीचं उत्तर देणारी मुलं परवडतात. प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणणारं मूल वर्गाचा सत्यानाश करतं.

खिडकीवर औषधं मिळाली. आत कोण होतं ते दिसलं नाही, फक्त हात दिसला. हॉस्पिटल लांब पडतं, फेऱ्या नकोत, म्हणून गोळ्या भरपूर दिल्यात. आणि हो, तुझं पाकीट! त्यावर ते हसरं कुटुंब कोण आहे रे? आजारी माणसाच्या औषधावर एवढं हसायचं कारण काय?

पण हे खूश आहेत. घड्याळजीला शोभेल असं औषध मिळालं म्हणतात. आठला एक गोळी. सकाळी दुकानात जायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाखाली पेला घेऊन उभे राहतात आणि आठचे ठोके सुरू झाले की गोळी तोंडात टाकतात. सैन्यात असल्यासारखे.

ही गोळी फार कडक नाही ना? एवढीशी पिवळी आहे म्हणून विचारते.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. तूसुद्धा शेवटी जनतेतलीच निघालीस! डॉक्टरने किती वेळ दिला, कॉम्प्युटरकडे का बघितलं, पाकिटावरचं कुटुंब का हसतं. अगं, तो माणूस दिवसाला शंभर रोगी बघतो. प्रत्येकाला मांडीवर घेऊन समजावत बसला तर शंभरावा दारातच मरेल. म्हणून तर पाकीट केलं. डॉक्टरने बोलायची गरजच ठेवली नाही.

भावोजींचं मात्र मनापासून कौतुक. आठच्या ठोक्याला गोळी! असे वक्तशीर रोगी मिळाले तर माझं खातंच बंद करता येईल. त्यांचं उदाहरण मी काल ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. नाहीतर आमच्याकडचे लोक, आठवण झाली तर गोळी, नाहीतर देव आहेच.

गोळी कडक आहे का, हा प्रश्न मात्र तुला शोभत नाही. गोळी ही गोळी असते. पाकिटावर लिहिलंय तसं घ्यायचं आणि स्वतःची अक्कल वापरायची नाही. आमच्या पत्रकात ही ओळ मी ठळक छापून घेतली आहे.

पुढच्या महिन्यात राजधानीत परिषद आहे. मला निबंध वाचायचाय, विषय ‘जनता वाचत का नाही?’ सध्या त्यात गढलोय.

तुझा भाऊ


२६ मार्च

शहाण्या,

तुझा निबंध चुलीत घाल आणि हे वाच.

आधी चांगलं सांगते. ह्यांची बोटं खरंच उतरली आहेत. परवा किती महिन्यांनी एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडलं, साफ केलं, परत बंद केलं. घरी येऊन मला दोन्ही हात दाखवले, मुलं नखं कापल्यावर दाखवतात तसे. मला रडूच आलं, पण ते त्यांना कशाला दाखवायचं? म्हटलं, मग आता फळीवरची बरणी काढून द्या.

वाईट असं की तोंड आलंय. म्हणजे आपल्याला येतं तसं एखाददुसरा फोड नव्हे. जीभ, गाल, ओठ आतून सगळं सोललंय. पाव दुधात बुडवून देते, तोही गिळवत नाही. कालपासून अंगात कणकण आहे.

सल्ला द्यायला अख्खी गल्ली आली. समोरचा दातांवाला म्हणतो कवळी घासते, गुळण्या करा. खालच्या मजल्यावरची म्हणते पोटात उष्णता आहे. तिच्या नवऱ्याला एकदा असंच झालं होतं, आणि तो तर मेला. असं सांगून ती आरामात चहा पिऊन गेली.

मी ह्यांना म्हटलं, ती गोळी दोन दिवस बंद करून बघा. ऐकतील तर शपथ. “तुझा भाऊच म्हणतो ना, स्वतःची अक्कल वापरायची नाही? बोटांना गुण आलाय. तोंडाचं काय, आज आहे उद्या जाईल.” आणि आठला गोळी टाकली. पाणीसुद्धा झोंबतं त्यांना, डोळ्यांत पाणी येतं, पण गोळी चुकवत नाहीत.

तुझ्या पाकिटावर तोंडाबद्दल एक अक्षर नाही. कोणाला विचारायचं तेही लिहिलेलं नाही. म्हणून तुला विचारते. नीट वाच. गोळीमुळे असं होतं का?

ताई


३१ मार्च

ताई,

घाईत आहे, उद्या निघतो.

तोंड येण्याचा आणि सांध्यांच्या गोळीचा संबंध जोडणं हा जनतेचा आवडता उद्योग आहे. केस गळले, गोळी. सून भांडली, गोळी. कवळी तपासून घ्या. आमचं ‘मुखस्वच्छता’ हे पत्रक सोबत जोडलंय, पान तीनवर गुळण्यांची कृती आहे. औषध मधेच बंद करू नका, मग गुण गेला की दोष खात्याला मिळतो. बोटांना फरक पडलाय यातच सगळं आलं.

आल्यावर सविस्तर लिहीन.

तुझा भाऊ


२२ एप्रिल

शहाण्या,

जिवंत आहेत. ते आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तू तेच शोधत बसशील आणि बाकीच्यावरून डोळे फिरवशील.

तुझं मुखस्वच्छतेचं पत्रक ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी हे दुकानात पडले. शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याने उचलून आणलं. नाकातून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. मी एक टॉवेल भिजवला, दुसरा भिजवला. अंग तापलेलं, आणि दंडावर, पोटावर जांभळे डाग, कुणी चिमटे काढल्यासारखे.

तुला फोन केला. बंद. तुझ्या ऑफिसात केला. तिथला मनुष्य म्हणाला, साहेब परिषदेत आहेत, जनतेच्या अज्ञानावर बोलताहेत. मी म्हटलं, बोलू दे.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तोंडाने फटकळ. मला आवडली. तिने ह्यांचं तोंड उघडून बघितलं आणि थबकली.

“कुठली औषधं चालू आहेत?”

मी तुझं पाकीट पुढे केलं. तिने आतल्या पट्ट्या बाहेर काढल्या, रिकामी खळगी बघितली.

“ही गोळी कशी घेत होतात?”

“आठला एक,” मी म्हटलं.

“हो, पण कुठल्या वारी?”

“वार कुठला? रोज. सकाळी आठला.”

तिने पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि नखाने एका जागी टोचलं. “आजी, हे टिंब दिसतंय? आठ टिंब ला. आठवड्याला एक. या गोळ्या तुम्हाला थंडीपर्यंत पुरायला हव्या होत्या! ही गोळी रोज घेतली तर विष आहे.”

आठवड्याला. शहाण्या, वाचलंस? ‘आठ.ला १’. तुझी कल्पना, तुझे शब्द.

ह्यांच्या हाडांत नवं रक्त बनणंच थांबलं होतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, म्हणून ताप. रक्त धरून ठेवणारा भाग संपला होता, म्हणून नाक. तोंड सोललं तेही त्यानेच. गोळीवर उतारा म्हणून इंजेक्शनं असतात, ती सुरू केली. काचेच्या खोलीत एकटं ठेवलं. मला तोंडाला फडकं बांधून दारापर्यंत जाता यायचं. मी अलीकडून हात हलवायची, ते पलीकडून. एवढा जुना संसार, आणि आम्ही स्टेशनवरच्या माणसांसारखे एकमेकांना हात हलवत होतो.

कालच काचेबाहेर आणलं. केस मूठमूठ गेलेत. बोलतात, पण पुटपुटल्यासारखं. पहिलं वाक्य काय म्हणाले सांगू? “मी एक दिवससुद्धा चुकवली नाही गं.”

मी चौदा मार्चच्या पत्रात तुला लिहिलं होतं, आठला एक गोळी. पेला, ठोके, सगळं लिहिलं होतं. तू वाचलंस, आणि कौतुक केलंस. ऑफिसात सांगितलंस. ज्याने तो शब्द बनवला त्यालाच तो कळला नाही.

आता परिषदेत तुझा निबंध कसा झाला ते सविस्तर कळव.

ताई


३ मे

ताई,

तुझं पत्र आल्यापासून मला नीट झोप नाही. मी लगेच यायला निघणार होतो, पण इथे चौकशीची कुणकुण लागली आहे आणि अशा वेळी मी जागा सोडली तर वेगळा अर्थ काढतील. भावोजी वाचले, ही मोठी गोष्ट झाली.

तरीही काही बाबी शांतपणे बघायला हव्यात. पाकिटाच्या मागच्या बाजूला सर्व संक्षेपांचा खुलासा छापलेला आहे. अक्षर बारीक आहे, मान्य, पण आहे. तो कोणीच उलटून पाहिला नाही. शिवाय वाक्याच्या मध्ये टिंब आलं की शब्द अर्धवट आहे, हे प्राथमिक शाळेत शिकवतात. तू तर शिक्षिका होतीस.

तुला एक विनंती आहे. रागावू नकोस. आमचे संचालक म्हणतात की या घटनेचं पत्रक करू या, नाव न घालता. मी मसुदा केलाय: ‘एका अल्पशिक्षित वृद्धाने पाकिटावरील सूचना न वाचता औषध घेतले आणि प्राण धोक्यात घातले. तुम्ही असे करू नका.’ अशाने भावोजींचं दुखणं वाया जाणार नाही. आणि तू तिथल्या हॉस्पिटलात लेखी तक्रार केली नसशील तर कृपा करून करू नकोस. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत.

तुझा भाऊ


१२ मे

शहाण्या,

अल्पशिक्षित? ज्या माणसाने तुला घड्याळ बघायला शिकवलं, तू चौथीत नापास होता होता वाचलास तेव्हा ज्याने तुझी गणितं घेतली, तो? आणि ‘सूचना न वाचता’? त्यांनी वाचली. वाचून, पाळून, तुझ्या टिंबावर जीव ठेवून मरायला टेकले. न वाचणारे लोक सुखरूप आहेत. तुझी जनता तुझं लिहिलेलं डब्याखाली अंथरते म्हणून जगली आहे!

मागची बाजू मी पाहिली. भिंग लावून पाहिली, घरात घड्याळजीचं भिंग आहे म्हणून. त्यावर औषधाच्या नावाचा फराटा मारलाय आणि कागदाची पट्टी चिकटवली आहे. खुलासा पट्टीखाली.

तक्रार केली. पण त्याच्या आधी दुसरं एक काम केलं, ते ऐक.

ह्यांना बघायला रोज जावंच लागतं. तर मी औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. पाकीट घेऊन कोणी वळलं की विचारायची, “कळलं का हो?” सगळे म्हणायचे, “हो, कळलं.” वर्गातही असंच असतं. ‘कळलं का’ विचारलं की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच ‘हो’. म्हणून मी वर्गात तसं कधी विचारायची नाही, नकाशापाशी उभं करून दाखव म्हणायची. मग इथेही तेच केलं. “मला जरा सांगा ना, ही घरी गेल्यावर कशी घ्यायची?”

एका बाईने सांगितलं, आठ गोळ्या, एकेक करून. एक जण म्हणाला, आठ दिवस घ्यायची आणि बंद. टाय लावलेला एक मुलगा होता, तो मला हसून म्हणाला, “सोपं आहे मावशी, रात्री आठला.” ‘म.ला’ म्हणजे एकाने ‘मला’ वाचलं. त्याला वाटलं, ही गोळी मला, दुसरी बायकोला. दोघं मिळून घेणार होते!

जितक्यांना पकडता आलं तितक्यांना पकडून मी खिडकीशी नेलं. तो हात चिडला. “तुम्ही कोण?” मी म्हटलं, तुमच्या मागच्या गोळीची विधवा होता होता राहिलेली. त्यानंतर तो हात मुकाट्याने प्रत्येक ‘आठ.ला’च्या पाकिटावर पेनाने ‘आठवड्यातून एकदा, सोमवारी’ असं लिहायला लागला. एवढंच करायचं होतं रे. तीन शब्द. तुझ्या खात्याला शाई महाग झाली होती का?

पण मी बाकावर बसायच्या आधी तुझी पाकिटं घेऊन जी माणसं गेली, त्यांचं काय? ती कुठे आहेत? सकाळी आठला काय करताहेत?

तुझी झोप गेली म्हणतोस. चांगलं झालं. उठलाच आहेस तर त्यांना शोध. ही पिवळी गोळी कुणाकुणाला दिली त्याची नोंद हॉस्पिटलांत असते, मला त्या डॉक्टरणीने सांगितलंय. तू शोधली नाहीस तर ती दोन्ही पत्रं, तुझं कौतुकाचं आणि तुझं मुखस्वच्छतेचं, मी वर्तमानपत्रात देईन. वर लिहीन, ‘जनता वाचत का नाही?’

ताई


१८ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण तू सांगितलंस ते करत होतो. तुझ्या धमकीला घाबरूनच सुरुवात केली, हे तुला माहीतच आहे, तेव्हा वेगळं सांगत नाही.

संचालकांना म्हटलं, पाकिटं परत मागवू या. ते म्हणाले, “लाखो पाकिटांत दोन-चार मूर्ख निघणारच.” ताई, हे वाक्य माझंच होतं. मागच्या वर्षी मी त्यांना लिहून दिलेल्या भाषणातलं. त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्यांच्या चेहऱ्याची किळस आली, आणि मग दिवसभर आरशाकडे जाववेना.

तरी सगळ्या हॉस्पिटलांना फोन लावले, नावं काढली. आमच्या ऑफिसातल्या एका कारकुनाला घेऊन या शहरातली घरं मी स्वतः फिरलो. बऱ्याच जणांच्या घरातल्या कुणीतरी, किंवा जवळच्या औषधवाल्याने, वेळीच सांगितलं होतं. काहींनी गोळी सुरूच केली नव्हती. दोघांना तिथल्या तिथे गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, ते बरे आहेत. एका बाईने दारातच विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, ज्याने पाकीट लिहिलं तो. तिने दार लावून घेतलं. कारकुनाने बाहेरून ओरडून तिला सगळं समजावलं.

शेवटून दुसरं घर एका म्हाताऱ्यांचं होतं. चौथा मजला, स्वच्छ घर, खिडकीत कुंड्या. मुलीने दार उघडलं. बँकेत अधिकारी आहे. वडील एप्रिलच्या शेवटी गेले म्हणाली.

“कशाने?” मी विचारलं.

“वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले. आधी तोंड आलं, जेवण तुटलं, मग ताप. आठवडाभरात आटोपलं.”

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली आमचं पाकीट होतं. अजून. मी त्याच्याकडे बघतोय हे तिने पाहिलं.

“औषधाची हयगय मी कधी केली नाही हो,” ती म्हणाली. “ते विसरायचे, म्हणून मीच द्यायचे. बँकेत निघायच्या आधी, रोज आठला. शेवटी शेवटी गिळता येत नव्हतं तर चुरून दिली, मधात.”

तिने आम्हाला पाणी आणून दिलं. मी प्यायलो. तिने विचारलं, “पण तुम्ही कशासाठी आला होतात?” मी म्हटलं, नुसती पाहणी आहे. कारकून माझ्याकडे बघत होता. आम्ही जिना उतरून खाली आलो.

मी तिला सांगितलं नाही, ताई. कशासाठी सांगायचं? वडील परत येणार नाहीत. तिला कळलं तर ती उरलेलं आयुष्य तो चमचा आठवत बसेल. तिला समाधान आहे की तिने नीट केलं. ते काढून घेण्याचा मला काय अधिकार? मी रात्रंदिवस हेच घोळवतोय आणि मला वाटतं मी बरोबर केलं. तू काय म्हणशील?

पाकिटं परत मागवण्याचा कागद मी संचालकांना डावलून थेट वर पाठवला आहे. त्यामुळे माझं इथलं बहुधा संपलं.

भावोजी कसे आहेत?

भाऊ


२६ जून

भाऊ,

हे घरी आलेत. बोटं परत सुजली आहेत, डॉक्टरीण दुसरं काही देणार आहे. परवा तिच्यासमोर ह्यांनी पहिल्यांदाच मान हलवली नाही, म्हणाले, “मला नाही कळलं, परत सांगा.” मागच्या रांगेतले लोक कुरकुरले, तर हे त्यांच्याकडे वळून म्हणाले, “थांबा.” मी बाकावरून पडायची राहिले.

तू घरं फिरलास ते वाचलं. दोन माणसं गाडीत घालून नेलीस, तेही वाचलं. शाबासकी हवी असेल तर ती मी देणार नाही, पण पत्र दोनदा वाचलं एवढं सांगते.

आता त्या मुलीचं. तुला वाटतं तू तिच्यावर दया केलीस. तू स्वतःवर दया केलीस आणि तिच्या घरचं पाणी पिऊन आलास. तिला समाधान आहे, हे तुला कुणी सांगितलं? समाधान असलेली बाई दारात आलेल्या परक्या माणसाला, त्याने न विचारता, ‘मी हयगय केली नाही’ असं सांगत नाही. ते पाकीट तिने अजून फ्रिजवर ठेवलंय ते काय शोभेसाठी? जाता-येता ती त्याकडे बघते आहे. तिच्या मनात काहीतरी कुरतडतंय. एक ना एक दिवस तिला ते टिंब दिसेल, आणि तेव्हा ती एकटी असेल. तिला वाटेल, सगळ्या जगाला वाचता आलं, मला एकटीला आलं नाही. मीच मारलं.

त्या वेळी तिला कोण सांगणार, की तुझ्या भावोजींनाही तसंच वाचता आलं, आणि टाय लावलेल्या मुलालाही, आणि मलाही?

जन्मभर तू सगळ्या जनतेला सांगत आलास. आता एका बाईला सांग. चार मजले चढ. कारकून नको, पत्रक नको, खातं असं म्हणतं, नियम असा आहे, काही नको. तिने खुर्ची दिली तर बस, नाही दिली तर उभा राहा. ती ओरडेल, तर ओरडू दे. पाणी आणलं तर या वेळी पिऊ नकोस.

आणि तिला एवढं एकच सांग, की जे लिहिलं होतं ते तिने बरोबर वाचलं होतं.

ताई